पहिल्या सुराआधी

"तुमचे गुरू कोण?"

हा प्रश्न कोणी विचारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. तो बिचारा मोबाइल पुढे धरून बसलेला असतो, त्याला चार ओळी लिहायच्या असतात. मागे एकीनं विचारलं, "सर, तुमच्या गिटारमध्ये ही वेदना येते कुठून?" मी म्हटलं, "बोईसरला महिनाभर राहा. नाकातून येईल." ती हसली आणि तेही लिहून घेतलं. घ्या! आमच्या कारखान्यांच्या धुराचंसुद्धा कौतुक झालं.

मी ब्लूज वाजवतो. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. वीस वर्षं हेच करतोय. लोक म्हणतात, मी काचेची किंवा धातूची नळी बोटात घालून तारेवरून सूर घसरवत नेतो, तसं आपल्याकडे फारसं कोणी करत नाही. खरं आहे. पण हे मला ज्यानं शिकवलं त्यानं ब्लूज हा शब्द पन्नाशीपर्यंत ऐकलासुद्धा नव्हता. आणि ज्यानं मला ब्लूज हा शब्द दिला, त्याचं नाव मी जगभर सांगत सुटलो. म्हणून हे लिहायला बसलोय. राग काढायला. कोणावर, ते कळेलच.

माझे वडील साताऱ्याकडून बोईसरला कारखान्यात आले. मीही आयटीआयला फिटर झालो आणि पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागून आवाज आला. कोणीतरी रडतंय असं वाटलं. जाऊन बघतो तर पन्नाशीचा एक माणूस उलट्या पिंपावर बसून गिटार वाजवतोय. डाव्या हाताची करंगळी गेलेली आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातून तुटलेलं. त्या उरलेल्या अर्ध्या बोटात त्यानं एकोणीस नंबरची लांब गोटी घातलेली. गोटी म्हणजे नट खोलायच्या पान्याचं पुढचं तोंड, पोलादी नळकांडंच ते. ती तारेवरून सरकवत तो सूर ओढत होता.

"काय बघतंस?" तो म्हणाला. "कवा गिटार बघला नाय?"

"गोटी बघतोय. स्टोअरची आहे ना?"

"व्हय. जा, सांग स्टोअरकीपरला. बोटं त्यांनी घेतली, गोटी मी घेतली."

ते आमचे काका. मुरब्याचे. नोकरी कारखान्यात, जीव बेंजो पार्टीत, म्हणजे लग्नातल्या वाजंत्रीत. पालघरच्या किनाऱ्यावर लग्न असो, साखरपुडा असो, हळदीला बेंजो पार्टी लागतेच. काका त्यात गिटार धरायचे. मला ते 'घाट्या' म्हणायचे, आम्ही घाटावरचे म्हणून. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी कॉलर धरली असती. त्यांच्या तोंडून ते लाडाचं वाटायचं.

त्यांच्या बोटांची गोष्ट ऐकली की आजही हात शिवशिवतात. ते ठेकेदाराकडे होते. त्या आठवड्यात त्यांचा गेटपास संपलेला, नवा यायचा होता, म्हणून ठेकेदारानं दुसऱ्या एका माणसाच्या पासवर त्यांना आत घेतलं. सर्रास चालायचं तसं. चौथ्या दिवशी प्रेसमध्ये बोटं गेली. रजिस्टरात नाव कोणाचं? पासवरच्याचं! कागदोपत्री ज्याची बोटं तुटली तो गडी त्या दिवशी आपल्या वाडीत नारळ उतरवत होता. दहाच्या दहा बोटं शाबूत. आणि काका पट्टी बांधून गेटवर गेले तर वॉचमन म्हणाला, तू कोण? तुझं तर नावच नाही.

"बोटांचा नाय रं वाईट वाटला," काका एकदा म्हणाले. "बोटं काय, जातात. पन तुटली ती पन दुसऱ्याच्या नावावर!"

पुढे नवा मॅनेजर आला, त्यानं त्यांना कायम केलं, ती वेगळी गोष्ट. पण नावाचा काटा रुतला तो रुतलाच. तारा दाबायला बोटं उरली नाहीत म्हणून त्यांनी गोटी शोधून काढली आणि त्याच काट्यापोटी पार्टीत एक नियम घातला. पार्टी दुसऱ्याची, बॅनरवर नाव मालकाचं, पण नियम काकांचा. वाजवायला बसलं की आधी प्रत्येकानं माइक हातात घ्यायचा आणि आपल्याला कोणी शिकवलं त्याचं नाव सांगायचं. मग गावाचं. मग पहिला सूर.

त्यांच्याकडे शिकून मी पार्टीत नवा शिरलो तेव्हा म्हणालो, "काका, शेवटी सांगू की. सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा."

"शेवटी?" ते भडकलेच. "शेवटी कोन ऱ्हातो? जेवनाची पंगत बसली का मांडवात खुर्च्या नि आमी. नाव आधी. लोकांच्या पोटात भूक हाय तवर."

आठ वर्षं मी त्यांच्या बरोबर हळदी वाजवल्या. मुरबे, सातपाटी, दातिवरे, तारापूरकडची गावं. प्रत्येक मांडवात आधी काकांचं नाव घेतलं. ते मागे बसून तारा लावत असल्याचं सोंग करायचे, पण कान इकडे असायचे.

शिकवण्याची पद्धत म्हणाल तर शिव्या. "घाट्या, गोटी तारेवर ठेव, तारेत खुपसू नको, बोंबील साफ करतंस काय?" सूर नेमका कुठे थांबवायचा हे मात्र त्यांनी बायकांकडून शिकवलं. मांडवात हळद लावताना म्हाताऱ्या गातात, तिथे मला नेऊन बसवायचे. "ऐक. पेटीवर हा सूर हाय काय? नाय. त्या जरा खाली उतरतात नि तितंच बसतात. तो धर." तो सूर धरायला मला तीन वर्षं लागली. धरला त्या दिवशी काकांनी आपली गोटी मला दिली आणि स्वतःला स्टोअरमधून दुसरी आणली. पुढे मुंबईत कळलं की या सुराला जगात नाव आहे, त्यावर पुस्तकं आहेत. मुरब्याच्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

काकांच्या घरी खरी सत्ता काकूची. काकू मासे विकायची, बोईसरच्या बाजारात तिचा ठिय्या ठरलेला. जिभेला हाड नाही. काका ओटीवर वाजवत बसले की वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूंवर, बोंबील घालता घालता ती सुरू व्हायची, "वाजव, वाजव! खाडीच्या पल्याड कुत्रा तरी वलखतंय काय तुला? मी पाटी घेऊन बाजारात उभी ऱ्हायली तर अर्धा बोईसर वलखतो." काका हसायचे. मला म्हणायचे, "बरोबर बोलतंय ती." पण त्या हसण्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. एकदा बोललेच. "मेल्यावर माझ्या फोटोला हार घालू नको, घाट्या. जित्तेपनी एकदा, मोठ्या स्टेजवर, जितं मला कोन वलखत नाय तितं माझा नाव सांग. नि ही पुढं बसलेली पायजे. एवढाच कर."

मी म्हटलं, "काका, शब्द." उचलली जीभ लावली टाळ्याला!

मग माझं नशीब फिरलं. एका हळदीला मुंबईचे पाहुणे आले होते, त्यांतल्या एकानं माझं वाजवणं मोबाइलवर घेतलं. ते फिरत फिरत एका सरांकडे पोचलं. सर म्हणजे मुंबईतले मोठे गिटारवादक, परदेशात राहून आलेले. त्यांनी बोलावून घेतलं. घरात भिंतभर रेकॉर्डी. त्यांनी मला ऐकवलं, मोजायला शिकवलं, कुठे गप्प बसायचं ते शिकवलं. माणूस चांगला, खोटं बोलणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हे स्लाइड, हे सूर घसरवणं, कोणी शिकवलं तुला?"

आणि मी म्हणालो, "कोणी नाही सर. असंच, आपलं आपण."

का म्हणालो? बेंजो पार्टी म्हणायची लाज वाटली. त्या घरात, त्या सोफ्यावर बसून, एकोणीस नंबरची गोटी खिशात ठेवून, मला हळदीचा मांडव सांगायची लाज वाटली. आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण तेव्हा सरांचे डोळे चमकले, "आपलं आपण? वा!" आणि मला ते आवडलं. एकदा खोटं बोललं की ते निभावावं लागतं. पुढे पेपरात छापून आलं, स्वतः शिकलेला कलाकार, सरांनी हिऱ्याला पैलू पाडले वगैरे. काकांच्या घरी तो पेपर कोणीतरी नेऊन दिला. काकूनं त्या पेपरात सुके बोंबील बांधून मला पाठवले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, की कळूनही घेतला नाही, देव जाणे.

नंतर मुंबईतला तो कार्यक्रम ठरला. रविवारी सकाळी, मोठ्या नाट्यगृहात, मी एकटा. मी ठरवलं, आता बास. काका-काकूला तसं कळवलं आणि घेऊन यायला गाडी पाठवली. तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्च्या. काकांनी लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. काकूनं ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोली, गळ्यात असतील नसतील ते दागिने. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. ती आजूबाजूच्या बायकांना न्याहाळत होती आणि काका ताठ बसले होते, हात मांडीवर, तुटकी बोटं झाकून.

पहिल्या रांगेत सर.

मी स्टेजवर गेलो. माइक समोर. आठ वर्षांची सवय, तोंड उघडलं की ते नाव आपोआप यायचं. आणि सर माझ्याकडे बघून हसले. झालं. डोक्यात आलं, आत्ता इथे म्हणालो की मला बेंजो पार्टीतल्या माणसानं शिकवलं, तर सर काय म्हणतील? माझ्याशी खोटं का बोललास म्हणतील. सगळ्यांसमोर पचका होईल. मग मनातल्या मनात हिशोब केला, शेवटच्या गाण्याआधी सांगू. तेव्हा लोक आपल्या बाजूनं झालेले असतील. नीट, सावकाश सांगू. काकांना स्टेजवर बोलवू.

म्हणून मी सरांना नमस्कार केला. "माझे गुरू इथे बसलेत," म्हणालो. टाळ्या झाल्या. सर उठून मागे वळले आणि त्यांनी हात जोडले. तिसऱ्या रांगेत काका अर्धे उठले होते. माझे गुरू म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपल्यालाच. काकूनं त्यांची बाही धरून खाली बसवलं. ते मी बघितलं. हे मला कधीच विसरता येणार नाही, आणि येऊही नये.

मग मी वाजवलं. चांगलं वाजवलं, तेच तर दुखणं. लोक उभे राहिले. दोन गाणी जास्त झाली. शेवटचं राहिलं होतं तेव्हा विंगेतून निवेदक मनगटावर बोट आपटत खुणा करायला लागला, दुपारचं नाटक आहे, सेट लावायचाय, वेळ संपली. मी माइककडे वाकलो आणि पडदा सरकायला लागला. मी ओरडलो असतो तरी चाललं असतं. पडदा काय भिंत आहे? थांबवता आला असता. नाही थांबवला. शेवटी कोण राहतो, हे मला आठ वर्षं सांगितलं होतं त्या माणसानं!

परतीच्या गाडीत मी पुढे बसलो, ते दोघं मागे. हायवेला लागलो. मनोर जवळ आलं. मग काका म्हणाले, "साउंड चांगला होता. तितला."

तशी काकू म्हणाली, "घाट्या, एक विचारू काय?"

"विचार ना काकू."

"तुज्या गुरूचा नाव काय रं? मोठा मानूस दिसला. कोट घातलेला."

मी मागे वळूच शकलो नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. त्या परक्या माणसालाही कळलं.

"असू दे गं," काका म्हणाले.

"काय असू दे? ह्यो शर्ट मी दोनदा इस्त्री केला! मी पाटी बंद ठेवली, बाजारात सगळ्यांना सांगून आली, आज माझ्या नवऱ्याचा नाव मुंबईत घेनार हायत! उद्या बाजारात काय सांगू? गाडीतून फिरवून आनला म्हनून सांगू?"

मुरब्याला घरापाशी उतरताना काकांनी हात पुढे केला. मला वाटलं, निरोप घेतायत. मी हात दिला. त्यांनी तो बाजूला सारला. "गोटी दे माझी."

मी खिशातून काढून दिली. त्यांनी ती त्या पांढऱ्या शर्टाला पुसली आणि घरात गेले. आता मी दुकानातून आणलेली पितळी नळी वापरतो. लोकांना फरक कळत नाही. मला कळतो.

मी सुधारलो नाही असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात सरांकडे जाऊन सगळं ओकलो. सरांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मला खोटं सांगितलंस त्याचं काही नाही. पण तो माणूस तिसऱ्या रांगेत होता आणि तू मला उभं केलंस?" तेही माझ्यावर चिडले, आणि बरोबरच चिडले. पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या सुराआधी मी काकांचं नाव घ्यायचं ठरवलं. तारीख ठरली, खुर्च्या राखून ठेवल्या. त्याच्या आधीच काकू गेली. बाजारातून पाटी घेऊन आली, ओटीवर बसली, पाणी मागितलं आणि गेली. गावात सगळं आटोपल्यावर मी काकांना विचारलं, कार्यक्रमाला याल ना? ते म्हणाले, "कशाला?"

मी तरी तिथे नाव घेतलं. मोठ्यानं, दोनदा. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या. बैल गेला नि झोपा केला!

गेल्या महिन्यात मुरब्यात पार्टीतल्या बेंजोवाल्याच्या मुलीची हळद होती. मला बोलावणं होतं. भर दुपारी मांडवात सगळं गाव. काका आता वाजवत नाहीत, मागे खांबाला टेकून खुर्चीत बसले होते. माझ्या हातात माइक आला. मला वाटलं, आज नीट करू. मी उभा राहिलो आणि त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, शेडच्या मागचं पिंप, गोटी, बोटं, दुसऱ्याच्या नावावरचा पास, मुंबईत मी केलेला हरामखोरपणा, सगळं सांगितलं. बायका डोळे पुसायला लागल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी काकांना खांद्यावर उचलायला धावलं, त्यांनी हातानं झिडकारलं.

वाजवणं झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. पंगत बसली होती. मांडवात खुर्च्या आणि आम्ही दोघं.

"काका, आता तरी राग सोडा."

त्यांनी पंगतीकडे बोट दाखवलं. "इथं काय सांगतंस माझा नाव? इथं मला कुत्री पन वलखतात. तितं सांगाचा होता."

"तिथेही सांगितलं, काका. नंतर प्रत्येक ठिकाणी सांगतो. आता लिहिणार पण आहे."

"लिवू नको." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. "माझा नाव कुठं लिवू नको. ज्या मानसाला ऐकवाचा होता, ती तिसऱ्या रांगेत बसली होती."